दहा लाख घ्यायच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी काय समजले ते आधी मांडते. तुम्ही मालवण तालुक्यातल्या, सध्या नोकरीसाठी मुंबईत. तुमचे काका रापणकर, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोरांनी ओढणारे मच्छीमार. गेली दोन वर्षं सुट्ट्या काढून तुम्ही आणि तुमचा मित्र त्यांच्या रापणीवर माहितीपट करताय. दिग्दर्शन आणि कॅमेरा त्याच्याकडे, बाकी सगळं तुमच्याकडे. ४० तासांचं फुटेज जमलंय आणि पदरचे पावणेदोन लाख गेलेत. आता त्याच किनाऱ्यावर हॉटेल असलेले एक गृहस्थ १० लाख द्यायला तयार आहेत. निर्माता म्हणून त्यांचं नाव यावं आणि गावाचं पर्यटन ‘जरा चांगलं’ दिसावं, एवढीच त्यांची अट. तुम्ही विचारताय, पैसे घ्यावेत का? नाही घेतले तर आणायचे कुठून? निर्माता नेमकं करतो काय? आणि काकांना, रापणीतल्या बाकीच्यांना मानधन द्यावं का?

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिल्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसेवाला, अशी समजूत आहे. मराठी नाटक-सिनेमातून आलेली ती सवय असावी. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो बघा. चित्रपटाचा निर्माता म्हणजे ती कृती घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पैसे देणारी व्यक्ती, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि त्याच कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. वेगळा करार नसेल तर मालकी निर्मात्याकडे जाते, आणि चित्रपट प्रकाशित झाल्यापुढची ६० वर्षं ती टिकते.

आता तुमच्याकडे आलेला प्रस्ताव पुन्हा वाचा. ते गृहस्थ फक्त नाव मागतायत असं तुम्ही लिहिलंय. पण निर्माता म्हणून एकट्या त्यांचं नाव पडद्यावर आलं आणि कागदावर दुसरं काही नसलं, तर उद्या वाद झाल्यावर चित्रपट कोणाचा हे ठरवताना त्या नावाचं वजन त्यांच्या बाजूला पडेल. पुढाकार तुमचा, पहाटे किनाऱ्यावर उभ्या तुम्ही राहिलात, काकांच्या शब्दावर वाडीने दार उघडलं तेही तुमच्यामुळे. मग निर्मात्या तुम्ही आहात. हे नाव कोणालाही, कितीही रकमेला देऊ नका.

याचा अर्थ पैसे घेऊच नका असा नाही. ते पुष्कळसं परिस्थितीवर अवलंबून आहे. हॉटेल किनाऱ्यापासून आत असेल, त्या माणसाचं आणि रापणकरांचं बरं चालत असेल, त्याला खरंच गावासाठी काही करायचं असेल, तर विनाअट मदत म्हणून घ्या आणि श्रेयनामावलीत ‘विशेष सहकार्य’ म्हणून मोकळेपणाने आभार माना. पण रापणीला मोकळी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा लागतो. होडी ओढायला, जाळं वाळवायला, दोर घेऊन मागे मागे जायला जागा लागते. त्याच पुळणीवर खुर्च्या, छत्र्या आणि वॉटर स्कूटरच्या राइड येतात तेव्हा रापणकर कुठे सरकतो, हा तुमच्या चित्रपटाचा एक प्रश्न असणारच. तो प्रश्न ज्याला अडचणीचा आहे त्याच्याच पैशावर चित्रपट उभा राहिला, तर ती अडचण कोणी तोंडाने बोलणार नाही, पण संपादनाच्या टेबलावर ती रोज तुमच्या शेजारी बसलेली असेल.

हे मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात किनाऱ्यावरच्या एका विषयासाठी मी एका कंपनीकडून पैसे घेतले. करारात ‘अंतिम संपादनाला प्रायोजकाची संमती’ अशी एक ओळ होती. सहा महिने कोणी फोनही केला नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांनी चित्रपट पाहिला आणि एका म्हाताऱ्या खारव्याचं, म्हणजे मच्छीमाराचं, सात मिनिटांचं बोलणं काढायला सांगितलं. ओळ माझ्या सहीखाली होती, त्यामुळे ते निघालं. तो माणूस पुढच्या वर्षी वारला. तेव्हापासून अंतिम संपादनाचा हक्क निर्माती आणि दिग्दर्शक यांच्याकडेच राहील, हे कलम नसलेल्या कागदावर मी सही करत नाही. तुमच्या गृहस्थांना हे कलम दाखवा. ते मान्य करतात की नाही, त्यावरून तुम्हाला उत्तर मिळून जाईल.

आता पैशाकडे येऊ. १० लाख जास्त की कमी, हे तुम्हाला आज कळणार नाही, कारण तुमच्याकडे बजेट नाही. झालेला खर्च म्हणजे बजेट नव्हे. माहितीपटाचं बजेट मी रुपयांत सुरू करत नाही, दिवसांत करते. अजून शूटिंगचे किती दिवस हवेत? आणि आपल्याकडे दिवस समुद्र ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय जुनी माणसं दर्यावर जात नाहीत. गणपतीत वाडीतला माणूस कॅमेऱ्यासमोर बसणार नाही आणि बसवूही नये, पण त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरी असतात आणि ‘रापण पुढे कोण ओढणार’ हा विषय पडवीत आपोआप निघतो. शिमग्याचं तसंच. म्हणजे तुम्हाला सलग २० दिवस नकोत, वर्षभरात विखुरलेले १६-१७ नेमके दिवस हवेत. दर वेळी मुंबईहून कोकण रेल्वेने येण्याचा खर्च, राहणं, जेवण, होडीचं डिझेल, हे सगळं त्या दिवसांवर मांडा. वर दहा टक्के आकस्मिक धरा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझं आठ दिवसांचं काम रद्द झालं आणि तो खर्च त्या दहा टक्क्यांतूनच निघाला.

मग टेबलावरचं काम. ४० तासांचं फुटेज एकदा नीट बघून नोंदी करायलाच दोन-तीन आठवडे जातात. मालवणी बोलणं शब्दशः उतरवून घ्यायला एका तासाच्या फुटेजमागे चार-पाच तास धरा. ते काम मालवणी घरात बोलली जाते अशाच माणसाला द्या, नाहीतर उपशीर्षकं पोकळ होतात. संपादकाला चार ते सहा महिने लागतात. ध्वनिमिश्रण आणि रंगकाम यांना नवखे निर्माते शेवटचे उरलेले पैसे देतात आणि तिथेच चित्रपट पडतो. तुमच्या विषयात समुद्राची गाज प्रत्येक दृश्यात आहे. ती नीट सांभाळली नाही तर माणसांचं बोलणं ऐकूच येणार नाही. आणि बजेटमध्ये स्वतःचं मानधन लिहा. ते मिळणार नसेल तरी लिहा आणि ‘निर्मातीची गुंतवणूक’ म्हणून पलीकडच्या रकान्यात दाखवा. पैसे देणारी कुठलीही संस्था आधी बघते की तुम्ही स्वतः काय घातलंय.

एक खर्च आजच करा. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रित केलेलं एक तासाचं फुटेज साधारण ४५ जीबी होतं. ४० तासांचं झालं १.८ टीबी. ते सगळं मित्राच्या एकाच डिस्कवर आहे असं तुम्ही लिहिलंय. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. कोकणात नोव्हेंबरातही हवेत ओल आणि खार असतो. डिस्क आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

पैसे कुठून आणावेत याचा सरळ रस्ता नाही. दूरदर्शनसाठी आणि सार्वजनिक निधीतून होणारी कामं पूर्वीच्या मानाने आटली. १९४८ पासून चालत आलेली, सरकारसाठी माहितीपट करणारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तरी दारं आहेत. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था अनुदान देते आणि अर्ज भारतीय भाषेत करता येतो, म्हणजे तुम्ही मराठीत लिहू शकता. कोलकात्यातलं डॉकएज तुमच्यासारख्या अर्ध्या वाटेवरच्या चित्रपटांना मार्गदर्शन देतं आणि देशी-परदेशी निधीवाल्यांसमोर उभं करतं. ॲम्स्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या निर्मात्यांसाठी आहे. नोव्हेंबरात गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो, तिथे चित्रपट करणारे आणि पैसे लावणारे भेटतात, तुमच्या गावापासून अडीच-तीन तासांवर. पहिल्या वर्षी काही विकायला जाऊ नका, नुसतं ऐकायला जा. मुंबईत १९९० पासून एक वर्षाआड मिफ हा माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, तो तर तुमच्या राहत्या शहरातच आहे.

या सगळ्यांना लागतं एकच: तीन-चार मिनिटांचा नमुना आणि दोन पानांचं टिपण. नमुन्यात सूर्यास्त आणि ड्रोनमधून दिसणारं माडबन घालू नका, ते सगळ्यांकडे असतं. तुमच्या पत्रात एक गोष्ट सहज आलीय. काका रोज सकाळी दोराला कोण आलं आणि कोण नाही हे बोटांवर मोजतात, आणि दोन वर्षांत ती बोटं कमी झालीत. नमुना तिथून सुरू करा. नुसता हात दाखवा.

परदेशी पैशाबद्दल सावध राहा. परदेशातून येणारं अनुदान एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली येऊ शकतं. हक्क विकत घेण्याचा करार आणि अनुदान यांना कायदा वेगवेगळं मोजतो. करार सही करण्याआधी हा कायदा माहीत असलेल्या सीएला दाखवा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि रक्कम ठरवताना जीएसटी वेगळा लिहिला नसेल तर तो तुमच्याच खिशातून जातो. याबद्दल आत्ता इतकंच पुरे.

कागदपत्रांविषयी मात्र सविस्तर सांगते, कारण निर्मात्याची जबाबदारी खरी तिथे आहे.

पहिला कागद मित्राबरोबरचा. तुम्ही म्हणता, ‘आमच्यात करार कशाला?’ रापण पुळणीवर आल्यावर काय होतं ते तुम्हीच चित्रित केलंय. दोन्ही बाजूंचे दोर एकमेकांजवळ येतात, जाळ्याचं पोट वाळूवर येतं, आरडाओरडा होतो आणि मग सगळं शांत होतं. एक जाणता माणूस उकिडवा बसून वाटे घालायला लागतो. बांगडा इकडे एक, तिकडे एक, मोठा मासा वेगळा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. मी पाहिलेल्या रापणीत सख्खे भाऊसुद्धा त्या वाट्यांपाशी उभे राहून बघत होते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. वाटे आधी ठरलेले असतात म्हणून तर उद्या पुन्हा सगळे दोराला येतात. तुमच्या दोघांचं तसंच लिहून काढा. कॅमेरा त्याचा, पैसे तुमचे, दोघांचे दिवस किती, पुढे उत्पन्न झालं तर कोणत्या क्रमाने कोणाला, आणि एकजण मध्येच सोडून गेला तर फुटेज कोणाकडे. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. असे अर्धे कागद पुढे परदेशी खरेदीदारासमोर निरुपयोगी ठरतात.

दुसरा कागद चित्रपटातल्या माणसांचा. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात असावं आणि सही घेण्याआधी ते कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवावं. पण सही म्हणजे संमती संपली असं मी मानत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला आम्ही एका मासळी विकणाऱ्या बाईंबरोबर वर्षभर होतो. एकदा पाटीतले बांगडे निवडता निवडता त्या बोलत गेल्या: सावकाराचं देणं, गहाण पडलेली पाटली, नवऱ्याचं पिणं. चार मिनिटांचं ते दृश्य चित्रपटातलं सर्वांत ताकदीचं होतं. सही होती. कच्चं संपादन झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खळ्यात (अंगणात) बसले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, “बाय, ह्यां आमच्या वाडीत दाखवशीत मां? मगे लोक काय म्हणतले?” त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, ते मला तेव्हा कळलं. दृश्य काढलं. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्यानेच त्या दिवसाचं दुसरं फुटेज काढलं. बोलणं नाही, नुसतं मासे निवडणारे हात आणि पाटीत पडणारा बर्फ. ते चित्रपटात राहिलं.

तुमच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. रापणीवरचा चित्रपट पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडीची मासेमारी टाळून पुरा होणार नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. काका कॅमेऱ्यासमोर रागाच्या भरात एखाद्या बोटमालकाचं नाव घेतील. तुम्ही मुंबईला परत जाल, ते त्याच बंदरात राहतील. म्हणून असं प्रत्येक दृश्य पुरं झाल्यावर त्यांना दाखवा आणि पुन्हा विचारा. पुतणी विचारतेय म्हणून ते ‘असू दे’ म्हणतील, तेव्हा एकदा काकीलाही विचारा.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि ती सगळे विसरतात. शिमग्याच्या फुटेजमध्ये मागे लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असेल, तर त्या गाण्याचे हक्क कोणाचे तरी आहेत. आज कोणी विचारणार नाही, पण वाहिनी किंवा ओटीटी घ्यायला आली की पहिली यादी तीच मागतील. गाणं संवादाखाली असेल तर नंतर काढताही येत नाही. म्हणून पुढच्या वेळी स्पीकर बंद असताना त्याच जागचा दोन मिनिटांचा नुसता आवाज वेगळा घेऊन ठेवा. दशावताराचा प्रयोग चित्रित केलाय असं दिसतं. आख्यान जुनं असलं तरी सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःचे हक्क आहेत, तेव्हा मंडळाच्या मालकांची आणि कलावंतांची लेखी परवानगी घ्या.

बाकी परवानग्या थोडक्यात. सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे चित्रीकरणाचा अर्ज बराच आधी करावा लागतो. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा हिरवी, पिवळी की लाल ते बघा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर कॅमेऱ्याची चौकशी जास्त होते, ती रास्तही आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी पत्र देऊन पोच घ्या. ती पोच खिशात असली की अर्धा दिवस वाचतो. चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. महोत्सवांना बहुधा सूट मिळते आणि ती आयोजकच मिळवतात.

राहिला मानधनाचा प्रश्न. यावर माझ्या पेशातली माणसं एका मताची नाहीत. बोलण्याचे पैसे दिले तर माणूस आपल्याला हवं ते बोलतो, असं काहींचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. मी मुलाखतीचे पैसे देत नाही. पण तुमच्यामुळे कोणाची दोरावरची वेळ बुडाली तर तो दिवस भरून द्या. खास तुमच्यासाठी होडी पाण्यात घातली तर डिझेल आणि मजुरी तुमची. ती त्याच संध्याकाळी द्या, उधारी ठेवू नका. आणि पुढे चित्रपटाला पैसे आलेच, तर त्यातला काही भाग रापण संघाला जाईल हे मित्राबरोबरच्या करारातच लिहा. टक्का लहान ठेवा, पाच का होईना, पण आकडा लिहा. काकांना एकट्याला वेगळं काही देऊ नका. रापणीत त्यांचा वाटा बाकीच्यांइतकाच असतो. तुमच्या पैशामुळे तो मोठा दिसायला लागला, तर दुसऱ्या दिवशी दोरावर त्यांच्याशी कोणी बोलणार नाही.

हॉटेलवाल्या गृहस्थांना आठवडाभरात उत्तर द्या, लांबवू नका. प्रत्यक्ष भेटून, बजेटचा कागद आणि अंतिम संपादनाचं कलम सोबत घेऊन द्या. बजेट मांडताना कुठे अडलात तर आकडे लिहून पाठवा, मी बघेन.